डब्याची पोच

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी बाबांना बोल लावायला नको.

बाबा एका गोदामात छत्तीस वर्षं माल भरायचे. निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आले आणि पंधरा दिवसांत पार कोमेजले. गळका नळ आवळून झाला, डुगडुगती खुर्ची ठोकून झाली, घरात दुरुस्त करण्यासारखी एक मीच उरले. मग म्हणाले, बसून खायची सवय नाही मला, रविवारी तुझ्या दादाकडे जातो, तिथे झाडायला अंगण तरी आहे. माझ्याजवळ राहणारी आई गेल्यापासून घर कसं खायला उठायचं, ते बाबा आल्यापासून कुठे माणसांचं वाटत होतं. पण ‘राहा’ एवढं सरळ सांगितलं तर ती मी कसली? मी फणकारले, काम हवंय ना, मग सोमवारपासून माझा डबा तुम्ही भरा. झटपट व्हायला हवा, स्वस्तात व्हायला हवा आणि सातच्या आत हातात हवा.

सोमवारी पावणेसातला डबा तयार. गोदामाची शिस्त स्वयंपाकघरात आली होती: जड खाली, हलकं वर, मधे पोकळी ठेवायची नाही. तळाशी मीठ-मिरी लावलेले उकडलेले बटाटे, त्यावर रात्रीचा भात दाबून, फटींमधे शेंगदाणे, आणि अंडं फुटू नये म्हणून कोबीच्या पानात गुंडाळलेलं. झाकणाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. त्यावर आत काय आहे ते, भरल्याची वेळ आणि बाबांची सही. खाली एक मोकळी रेघ. बाहेर खायचं तर अर्ध्या दिवसाची मजुरी जाते, तिथे हे सगळं घरात पडलेल्या जिनसांतून, वीस मिनिटांत. चष्म्याच्या काचा घासायचा आमचा कारखाना, जेवायची सुट्टी अर्धा तास. मी चाटूनपुसून जेवले, चिठ्ठी कचऱ्यात टाकली आणि डबा तिथेच धुऊन घरी आणला.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारी तेच म्हटल्यावर शेजारी काचा तपासणारा ढापण्या वाकून बघत म्हणाला, घरी बटाट्याचं शेत घेतलंय वाटतं. सगळे खो खो हसले. झालं, माझा पारा चढला. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तोफ डागली, की चार दिवस एकच डबा, माणूस आहे का कोण मी?

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "खालच्या रेघेवर तुझी सही कुठे आली? सही नाही म्हणजे माल पोचला नाही. पोचला नाही की तोच परत पाठवायचा, असंच केलं मी जन्मभर. मला वाटलं, टाकून देत असशील. तोंडावर बोलवत नसेल तुला."

मला, आणि तोंडावर बोलवत नसेल. मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात दाराशी त्यांची बॅग दिसली, करकचून भरलेली, तिलाही चिठ्ठी बांधलेली. पत्ता दादाचा. त्या रात्री मी डब्याच्या पिशवीत आठवणीनं पेन टाकून ठेवलं.

शुक्रवारी पुन्हा तेच बटाटे. जेवणाच्या सुट्टीत मी रेघेवर ठसठशीत सही केली. ढापण्यानं एक बटाटा उचलला, मग दुसरा उचलला, आणि पेन मागून साक्षीदार म्हणून सही ठोकली. वर विचारलं, उद्या माझाही भरतील का? बघता बघता चिठ्ठीवर सहा सह्या झाल्या.

संध्याकाळी ती चिठ्ठी बाबांच्या हातात दिली आणि सहाही जणांना उद्या डबा हवाय म्हणून सांगितलं. त्यांनी चष्मा लावून एकेक सही बोटानं वाचली. तेवढ्यात मी बॅगेपाशी बसले, चिठ्ठीवरचा दादाचा पत्ता खोडला, आपल्या घराचा लिहिला आणि खालच्या रेघेवर सही केली.

"माल पोचला, बाबा," मी म्हटलं. "आता तो कुठेही जाणार नाही. मला तुम्ही इथे हवे आहात."

बाबांनी बॅगेची चिठ्ठी खालीवर करून तपासली. डोळे पुसले.

"तारीख राहिली," म्हणाले.

मी तारीख घातली. त्यांनी बॅगेची दोरी सोडली आणि विचारलं, उद्या सहा डब्यांत काय भरायचं, बटाटे सोडून?