आपला माणूस निवडून आल्यावर

"काकू, बोर्ड खाली ठेवा ना. आपलाच माणूस निवडून आलाय आता," आमदारांच्या ऑफिसचं काचेचं दार उघडून देवदत्त म्हणाला.

कमलाने बोर्ड ठेवला नाही. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या बर्फात दर शुक्रवारी ती इथेच उभी राहायची, तेव्हा आत दुसऱ्या पक्षाचा आमदार होता आणि तिच्या शेजारी हाच देवदत्त घसा फोडून घोषणा द्यायचा. नोकरी असो नसो, आरोग्यविमा सर्वांना, एवढीच त्यांच्या मंचाची मागणी. मंच देवदत्तनेच उभारलेला. निवडणुकीत मंचाने पक्षासाठी दारोदार फिरून नवा आमदार निवडून आणला, आणि देवदत्तसाहेब त्याचे सहायक होऊन आत जाऊन बसले. बाकीचेही घरी बसले. आपलं राज्य आलं म्हणे, आता कशाला उभं राहायचं!

"विम्याच्या कायद्याचं बिल कुठंय?" कमलाने विचारलं.

"पुढच्या सेशनला घेऊ. आत्ता पुश केलं तर पार्टी अडचणीत येईल. जरा समजून घ्या."

कमलाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या नवऱ्याची, लहूची, नोकरी गेली तसा विमाही गेला. छातीत कळ आली तरी खर्चाच्या धास्तीने तो सोफ्यावर पडून राहिला आणि तिथेच गेला. तिने ते मंचाला सांगितलं, मंचाने पक्षाला, आणि उमेदवाराने सभेसभेत लहूचं नाव घेतलं. दर वेळी काळजात चर्र व्हायचं, तरी कमला पहिल्या रांगेत बसून ऐकायची. कायदा होणार होता ना! गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

"माझ्या मेलेल्या माणसाच्या नावावर मतं मागितली, तेव्हा नाही आली पार्टी अडचणीत?" आवाज न चढवता ती म्हणाली.

देवदत्तने मान खाली घातली. "आत या, चहा घ्या. थंडी आहे, काकू."

"तू ये बाहेर."

तो आला नाही. दारातूनच म्हणाला, "मग निदान फुटपाथवर उभ्या राहा. दारात अलाउड नाही."

जुन्या आमदाराची माणसं हेच सांगायची, आणि तेव्हा त्यांच्याशी कडाकडा भांडायचा तो देवदत्तच. बोर्ड घेऊन कमला फुटपाथवर गेली आणि सवयीने एका कडेला उभी राहिली, शेजारी बाकीच्यांसाठी जागा सोडून.