सोबत

शाळेचा शिपाई मुखरू याने फाटकाचा अडसर सरकवला तेव्हा दिव्यानी वळणावर दिसू लागली होती. दप्तर कॅरिअरला बांधलेले, आणि सायकल मात्र हाताने ढकलत ती चालत येत होती. फाटक बंद होताना पाहून ती धावली नाही. बाहेरच्या कडुनिंबाखाली सायकल उभी करून ती सरळ उभी राहिली, आणि आतल्या मुलांनी संविधानाची उद्देशिका सुरू केली तशी तीही बाहेरून म्हणू लागली.

ओट्यावर उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका सत्यशीलाबाईंनी ते पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. शाळेच्या मागे स्वयंपाकघरातून धुराची पहिली रेघ वर चढत होती.

या शाळेत घंटेला घड्याळ लागत नसे. बाईंचा पाय ओट्याच्या पहिल्या पायरीवर पडला की मुखरू लोखंडी पट्टीवर टोला देई आणि फाटक लावी. बाईंचा पाय इतका नेमका पडत असे, की समोरचा पानठेलेवाला आपले घड्याळ त्यावरून लावी. निवृत्त होऊनही संस्थेने त्यांना सोडले नव्हते, आणि त्यांनीही शाळेला. पटसंख्या रोडावत चालली होती. अशा शाळा दुसऱ्या शाळांत मिळवण्याचे आदेश दर वर्षी नव्या शब्दांत येत होते. मोहर्लीच्या रस्त्यावरच्या या चार खोल्यांपाशी दाखवण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे शिस्त. शिवाय रस्ता वाघाच्या जंगलातला. घंटा झाल्यावर कोणते मूल आत आहे आणि कोणते नाही, हे शाळेला ठाऊक असलेच पाहिजे, असा बाईंचा आग्रह होता.

प्रार्थनेनंतर त्यांनी दिव्यानीला कार्यालयात बोलावले.

"सायकल बिघडली आहे?"

"नाई, बाई."

"मग शासनाने ती कशासाठी दिली? फिरायला न्यायला?"

दाराशी घुटमळणाऱ्या रिना आणि साधना फिसकन हसल्या. बाईंनी नुसते पाहिले, तशा त्या नाहीशा झाल्या.

"त्या दोघी तुझ्याच गावच्या. त्या वेळेवर येतात. त्यांची आणि वाघाची ओळख आहे का?"

दिव्यानीने मान वर केली. काही बोलेल असे वाटले. पण तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले आणि पुन्हा खाली पाहिले.

"घरी काम पडते?"

"नाई, बाई."

"कोणासाठी थांबतेस?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अशा गप्प राहणाऱ्या मुली त्यांनी आयुष्यभर पाहिल्या होत्या. त्यातल्या काही पुढे कुठे गेल्या, तेही पाहिले होते.

"ऐक. उशिराच्या गैरहजेऱ्या धरून तुझी हजेरी काठावर आली आहे. आता एकदा जरी फाटक तुझ्यासमोर बंद झाले, तर तुझा दहावीचा फॉर्म मी पुढे पाठवणार नाही. पुढच्या वर्षी बसशील."

या मुलीला पुढचे वर्ष मिळणार नाही, हे दोघींनाही माहीत होते. तिच्या मोठ्या बहिणीचेही एक वर्ष असेच पुढे ढकलले गेले होते, आणि त्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले.

"हो, बाई," दिव्यानी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सर्वांत आधी आली. थंडीने नाक लाल झालेले, केसांवर धुक्याचे थेंब. मागून रिना आणि साधना सायकली दामटत आल्या.

"बाई, आज हिनं आमाले पार मागं टाकलं," साधना धापा टाकत म्हणाली.

बाईंनी मान हलवली. गेल्या कित्येक दिवसांत त्यांना असे समाधान वाटले नव्हते. पायरी चढताना गुडघ्यात कळ आली, तीही त्यांनी ओठांआड ठेवली. घंटा झाली. फाटक लागले. बाहेर कोणी नव्हते.

उद्देशिका संपत आली तेव्हा काहीतरी कमी असल्याचे त्यांना जाणवले. धूर नव्हता.

स्वयंपाकघराला कुलूप होते. तांदळाचे पोते, पालथे घातलेले पातेले, सारे जाळीतून दिसत होते. खिचडी शिजवणारी अंजनाबाई दिव्यानीच्याच गावची; ती मागच्या वाटेने येई. तिला ना घंटा होती ना फाटक. दुपारी मुलांच्या आधी बाई एक घास चाखत, "मीठ बरोबर आहे" म्हणत, आणि मग पंगत बसे. तिच्याशी त्यांचे बोलणे एवढेच.

"आली नाई आज," मुखरू म्हणाला. "असं कधी होत नाई."

बाई दहावीच्या वर्गाच्या दाराशी गेल्या. दिव्यानी खिडकीजवळ होती. वही उघडी, पेनाचे टोपण तसेच. ती रस्त्याकडे पाहत होती.

"दिव्यानी, अंजनाबाई कुठे आहेत?"

ती उभी राहिली. "मी काल सांगतलं होतं त्याईले. उद्यापासून मी पुढं जातो म्हणून."

"मग?"

"काई नाई म्हणल्या. जाय म्हणल्या."

हाताने ढकलत आणलेली ती सायकल बाईंच्या डोळ्यांसमोर आली, आणि वळणावरून ती दिसताच मागे उठणारी धुराची रेघही.

त्या फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मुखरूने खुर्ची आणली.

"बसा, बाई."

"ने ती आत."

सफारीहून परतणाऱ्या जिप्सी धूळ उडवत गेल्या. एकीतल्या पाहुण्याने बाईंना हात केला. बाईंनी तो पाहिला नाही. त्या वळणाकडे पाहत होत्या. मागच्या तेंदूपानांच्या हंगामात याच रस्त्यावर अंजनाबाईच्या जावेला वाघाने नेले. संध्याकाळी तिचे नुसते लुगडे सापडले होते. बाई स्वतः सांत्वनाला गेल्या होत्या, ओसरीवर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून खिचडी वेळेवर शिजत होती, म्हणून त्यांनी पुढे काही विचारले नव्हते.

बऱ्याच वेळाने आधी घंट्या ऐकू आल्या, मग गुरे दिसली. गुराख्यांच्या मागोमाग, एका म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर हात ठेवून, अंजनाबाई येत होती. बाईंना रस्त्यावर पाहताच तिने पदर सारखा केला आणि पाऊल उचलले.

"चुकलं, बाई. आत्ता टाकतो तांदूळ."

"थांबा. श्वास घ्या आधी."

"सासूबाईले खाऊपिऊ घालता घालता पोरी निघून जातात. मंग नाल्यापाशी बसलो होतो. कोणी येते का पाहात."

"तुम्ही मला का सांगितले नाही? त्या मुलीने का सांगितले नाही?"

अंजनाबाईने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "मीच शपथ घातली होती तिले. बचत गटात धा बाया या कामावर टपून आहेत, बाई. रस्त्यानं यायले भेते म्हणल्यावर मले कोण ठेवते?"

"तिचा फॉर्म जाणार होता, अंजनाबाई."

"मले कुठी ठाऊक? पोरगी काईच बोलली नाई." तिचे डोळे भरले. "मी लेकराले विचारलं होतं, तुले बोलतात का गं शाळेत. हसली आन् म्हणे, बाई लई चांगल्या हायेत."

बाई वळल्या. फाटकापर्यंतची पावले त्यांना लांब वाटली.

त्या दिवशी पंगत उशिरा बसली. बाईंनी घास चाखला आणि काहीच न बोलता मान हलवली. सुटीत त्यांनी दिव्यानीला बोलावले.

"उद्यापासून पूर्वीसारखी अंजनाबाईंबरोबर ये."

"पण फाटक, बाई?"

एकीसाठी उघडलेले फाटक होळीपर्यंत कोणासाठीच बंद राहत नाही, हे बाईंना ठाऊक होते. "फाटक घंटेबरोबरच बंद होईल," त्या म्हणाल्या. "ते मी पाहते. तू तुझे गणित पाहा."

दुसऱ्या दिवशी मुले रांगेत उभी राहिली. मुखरू पट्टीपाशी हातोडा घेऊन तयार होता. बाई ओट्याकडे आल्या नाहीत. त्या जास्वंदीच्या वाफ्यापाशी वाकून वाळकी पाने एकेक करून खुडत होत्या. रांगेत चुळबूळ झाली. रिनाने जांभई दिली. समोरचा पानठेलेवाला घड्याळ हातात घेऊन बाहेर आला, त्याने ते कानाला लावून पाहिले आणि पुन्हा आत गेला.

वळणावर दोघी दिसल्या. त्यांच्यामध्ये सायकल होती.

सायकलचे मागचे चाक फाटकाच्या आत आले तेव्हा बाईंनी हातातली पाने झटकली. आजवर कधी न धरलेला कठडा धरून त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. टोला पडला. मुखरूने फाटक लावले, अडसर सरकवला.

प्रार्थना संपल्यावर तो जवळ आला.

"घड्याळ पुढं गेलं का काय, बाई?"

"घड्याळ ठीक आहे, मुखरू. माझे गुडघे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत."

मुखरूने वळणाकडे पाहिले. मग बाईंच्या पायांकडे.

"थंडीचं असं होते, बाई. परीक्षेपर्यंत राहीन हे दुखणं."

मागच्या बाजूला धूर उठला होता. बाईंनी तिकडे पाहिले.

"त्यानंतरही राहील," त्या म्हणाल्या. "उद्या ती खुर्ची जास्वंदीपाशी ठेव."