फरीदाबादचं आदर्श जोडपं

फरीदाबादच्या त्या चर्चमध्ये लग्न ठरलेल्या पोरापोरींना आधी एक वर्ग करावाच लागतो, आणि त्या वर्गात दर वर्षी आदर्श जोडपं म्हणून हरीश आणि विनया त्रिभुवन यांना स्टेजवर बसवतात. का, तर यांना दोनच मुलं, आणि दोघांत चांगलं सहा वर्षांचं अंतर! फादर बेनींनी ते अंतर पाहिलं आणि स्वतःच ठरवून टाकलं की ही चर्चची शिकवण पाळल्याचं फळ. गोळ्या नाहीत, ऑपरेशन नाही, फक्त दिवस मोजायचे आणि संयम पाळायचा. विनयाला कुणी विचारलं? छे, कशाला विचारतील!

पहिल्या मुलानंतर तिनं कॉपर-टी बसवली होती. दुसऱ्या बाळंतपणात तिला झटके आले, रक्तदाब भडकला. पुन्हा दिवस गेले तर बाई वाचायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा हरीशच हात जोडून म्हणाला होता, ऑपरेशन करून टाका. आणि हाच हरीश चर्चच्या कमिटीवर गेल्यावर माइक धरून सांगायला लागला, "हमने सब प्रभु पर छोड़ दिया." विनयानं शेजारी बसून मान हलवायची. वर दर उपवासकाळात घरी हा हळूच म्हणणार, "तू एकदा कन्फेशनला जाऊन ये गं, त्या ऑपरेशनचं." जसं काही ती एकटीच चोरून करून आली होती!

यंदा पुढच्या रांगेत अनिमा टोप्पो बसली होती. झारखंडची पोरगी, करोल बागेत कपड्यांच्या दुकानात कामाला. प्रश्न विचारा म्हटल्यावर ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"सर, मेरे दिल का वाल्व खराब है. डॉक्टर बोले, इलाज से पहले बच्चा ठहर गया तो जान जा सकती है. हम क्या करें?"

हरीशनं फादरांकडे बघितलं, फादरांनी हरीशकडे. मग हरीशनं माइक तोंडाशी धरला.

"बेटा, दिन गिनो, संयम रखो. हमारा ही देखो ना. बाकी प्रभु पर भरोसा." आणि सवयीनं त्यानं विनयाकडे पाहिलं.

विनयाच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीच्या जिवावर बेतलंय आणि हा बाबा दिवस मोजायला सांगतोय! तिनं त्याच्या हातातला माइक ओढून घेतला.

"अनिमा, इनकी मत सुन. हमने कुछ नहीं गिना. मैंने कॉपर-टी लगवाई, फिर ऑपरेशन करवाया, और वो इन्होंने ही करवाया. इसीलिए आज जिंदा बैठी हूँ. तू डॉक्टर की सुन."

फादर ताडकन उठले. "विनयाजी, यह आपका पर्सनल मामला है!"

"अच्छा? तो मुझे यहाँ बिठाया किसलिए था, फादर?"

घरी आल्यावर हरीशनं आकाशपाताळ एक केलं. "तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस! फादर म्हणालेत, शनिवारी कन्फेशनला आली नाहीस तर रविवारच्या मिस्सात तुझं बायबल वाचणं बंद."

"माझं वाचन बंद. आणि तुमचं काय, अहो?"

"मी काय केलंय?"

"खरंच की. तुम्ही कधी काही केलंच नाही. मी मेले असते तर तेही प्रभूनंच केलं असतं, नाही का?"

हरीश गॅलरीत जाऊन उभा राहिला.

शनिवारी विनया गेली. घाबरून नाही हं, तिला बोलायचंच होतं. ती कन्फेशनच्या खोक्यात जाळीपाशी गुडघे टेकून बसली. फादरांनी आवाज ओळखला आणि मऊ सुरात विचारलं, "जो हुआ, उसका पश्चात्ताप है?"

"है, फादर."

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बोलो, बेटी."

"इतने साल आपके स्टेज पर बैठकर सिर हिलाया. पता नहीं कितनी लड़कियों ने सच मान लिया होगा. उनका क्या हुआ, वो भी नहीं पता. उसका पश्चात्ताप है. ऑपरेशन का नहीं."

मग फादर म्हणाले, ऑपरेशनचा पश्चात्ताप नसेल तर मी क्षमा देऊ शकत नाही.

"मत दीजिए," विनया उठत म्हणाली. "अनिमा बच गई तो मेरा चल जाएगा."