धारेला आडवा हात

इकडे वर बघा. सगळ्यात वरच्या फळीवर, पापडाच्या डब्यामागे. मी तुपाची लोटी बोलतेय. अंगाने पितळेची, आतून कल्हईची, एका बाजूला बारीक तोटी. तोंड काळवंडलंय ते चुलीच्या धुराने, असं लोक म्हणतात. मी सांगते, हेव्याने.

भंडाऱ्याच्या एका तांबटाने मला घडवलं. मनकर्णाबाईंच्या लग्नात मी रुखवतात मांडली गेले आणि त्यांच्यासोबत हिंगणघाटला आले. सासरी कापसाचा व्यापार, माणसांची ये-जा, रोज पंगत. स्वयंपाकघरात चाळीसेक भांडी होती, पण परात कणकेत आणि हंडा मोरीत. पानापानावर फिरायचा मान एकटीचा, माझा. तेव्हा मला कोणाचा हेवा करावा लागत नव्हता. बाकीची भांडीच माझ्याकडे बघून नाक मुरडायची.

या घराची एक रीत होती. वाढणारीने तुपाची धार धरली की जेवणाऱ्या पुरुषाने हात आडवा करायचा नाही. दुसऱ्या घरी चार थेंब पडले की "पुरे, पुरे" होतं. इथे धार थांबायची ती वाढणारीच्या मनाने. हात आडवा करणं म्हणजे तिच्या मायेला नको म्हणणं, असं समजत. पुरणपोळीच्या दिवशी तर पोळी कुठे संपते आणि तूप कुठे सुरू होतं ते कळायचं नाही.

या घरच्या पुरुषांची आणखी एक खूण होती. तिशी उलटली की पापण्यांच्या कोपऱ्यांत पिवळे उंचवटे यायचे. मनकर्णाबाईंचे यजमान लक्ष्मणराव आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघांनाही ते होते. घरातल्या बायका त्याला 'सोनपापणी' म्हणत आणि कौतुकाने पाहुण्यांना दाखवत. "आमच्या माणसाइच्या डोयावर लक्ष्मी बसते," असं मनकर्णाबाई किती जणींना सांगायच्या!

थोरले अडतिसाव्या वर्षी गेले. लक्ष्मणराव चाळिसाव्या वर्षी गेले, जेवून उठता उठता, छातीला हात लावून. घराने आपलं निदान केलं की आपले पुरुष छातीचे कच्चे. मग कच्च्या छातीला बळ कशाने येणार? तुपाने! मनकर्णाबाईंच्या एकुलत्या मुलाच्या, वासुदेवच्या पानावर माझी धार दुप्पट झाली. मी कशाला तक्रार करू? मी फुलून गेले.

हा वासुदेव पुढे वासुदेवराव झाला, बापाचा व्यापार बघू लागला. छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे १९५४ साली, जिनिंगच्या कारखान्यात दाबलेल्या कापसाच्या गठाणींवर चढताना त्याच्या छातीत कळ आली. असं दोन-चारदा झाल्यावर बायको प्रमिलाबाईने हट्ट धरून त्याला नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. परत आला तो पाटावर बसून सांगू लागला.

"डॉक्टरानं पहिले पापण्या पाह्यल्या, नाडी त मागून. मंग टाचेमागची शीर दाबली. म्हणे, ह्या कडक गाठी कव्हापासून हायेत? मी म्हटलं, आमच्या घरी सगळ्याइलेच असते. तर म्हणे, म्हणूनच विचारून राह्यलो."

रक्त तपासलं होतं. त्यात कोलेस्टेरॉल नावाची चरबी भलतीच वाढलेली निघाली. ती या घरात बापाकडून लेकराकडे उतरत होती. तीच पापण्यांवर साठायची, तीच टाचेमागे, आणि तीच काळजाच्या नळ्यांत. गोळी घेऊन मोकळं व्हावं असं ते दुखणं नव्हतं. तूप, लोणी, साय, मटण बंद, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं.

"अन् सोनपापणी?" मनकर्णाबाईंनी हळूच विचारलं.

"सोनं नाई वं माय. चरबी हाय थे."

त्याच दिवशी प्रमिलाबाईने मला उचलून फळीवर ठेवलं. आणि माझ्या जागी, वासुदेवरावाच्या उजव्या हाताला, कोण आलं असेल? जवसाच्या चटणीची लाकडी वाटी!

ही चटणी म्हणजे वावरात फडक्यात बांधून न्यायची, भाकरीच्या कडेला चिमूटभर पडायची चीज. तिला ना कल्हई, ना तोटी. तिने माझ्या जागी बसावं? वासुदेवराव बोटाने वाटी निपटून खायचा तेव्हा माझ्या पोटात असं काही दुखायचं की कल्हई सुटेल असं वाटे. "खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी" म्हणणाऱ्या घराचा हा मुलगा, आणि जवसाशी मिटक्या मारतो! वाटीला चीर पडावी, तिच्यात मुंग्या व्हाव्यात, असे किती नवस मी बोलले. एकही फळला नाही.

पण जळणारी मी एकटी नव्हते. चाळीस वर्षं या घरचं वाढप मनकर्णाबाईंच्या हातात होतं. आता मुलाच्या पानात काय पडेल ते सून ठरवत होती. एका सकाळी त्यांनी मला खाली काढलं, पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "तुले अन् मले एकाच दिवशी फळीवर चढवलं वं तिनं."

मग आमचं दोघींचं सुरू झालं. प्रमिलाबाई पान वाढून विहिरीवर ताजं पाणी आणायला जायची. वासुदेवराव हातपाय धुवत असायचा. तेवढ्यात मनकर्णाबाई भाताच्या मुदीत बोटाने खळगा करायच्या, माझी धार सोडायच्या आणि वरून भात लिंपायच्या. वरण पडलं की काही दिसायचं नाही. मी वाटीकडे बघून मनात म्हणायचे, तू बस बाहेर मिरवत, आत मी आहे.

पाच महिने हे चाललं. जेवताना त्याच्या कपाळावर घाम यायचा. मी स्वतःला सांगायचे, चटणीत तिखट जास्त झालं असेल.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात तो जेवून उठला आणि दाराची चौकट धरून खाली बसला. चेहरा राखेसारखा झालेला, तोंडातून शब्द फुटेना. गावातले डॉक्टर आले, सुई दिली, दीड महिना खाटेवरून उठायचं नाही म्हणाले. जाताना त्यांनी प्रमिलाबाईला विचारलं, "पथ्य पाळत होता ना? खरं सांगा."

"थेंब नाई देत जी मी. लेकराची आन."

डॉक्टरांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. प्रमिलाबाईला ते दिसलं. ती चुलीजवळ येऊन बसली आणि रडत स्वतःलाच विचारू लागली, "काय चुकलं माह्यं? का चुकलं?"

मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. सुनेवर आळ आला होता आणि एक शब्द बोलल्या नसत्या तर तो तसाच राहिला असता. माझी तर तीच इच्छा होती. पण त्यांनी मला फळीवरून काढलं, खाटेजवळ नेलं आणि सुनेलाही हाक मारली.

"हिची चुकी नाई, वासुदेव. मीच देत होती. भाताखाली."

वासुदेवरावाने खाटेवरूनच आईकडे बघितलं. "मले माहीत होतं, माय."

"माहीत होतं?"

"पहिल्याच घासाले. तुपाचा वास लपते का?"

"मंग हात काऊन नाई आडवा केला रे, लेकरा?"

"तुह्या धारेले? बाबानं कधी केला नाई. मी कसा करू?"

मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग त्यांनी त्याचा हात उचलला आणि माझ्या तोटीसमोर धरला. "आता कर. माह्या डोयासमोर कर."

त्याने हात आडवा केला. जन्मात पहिल्यांदा मला कोणी नको म्हटलं, आणि ते ऐकायला दोन माणसं मरावी लागली होती, तिसरा खाटेवर होता.

आज वासुदेवराव एकेचाळीस वर्षांचा आहे. जिना सावकाश चढतो, पण चढतो. मनकर्णाबाई स्वतः जवस भाजतात आणि सुनेच्या आधी मुलापुढे वाटी सरकवतात. माझ्यात उरलंय ते देवाच्या निरांजनापुरतं तूप.

मी शहाणी झाले असं मात्र समजू नका. ती वाटी पानाजवळ बसली की अजून माझा जीव जळतो. परवा वासुदेवरावाची मुलगी रुख्मिणी पाटावर पाट ठेवून फळीपर्यंत आली. चौदा वर्षांची आहे, आणि डॉक्टरांनी तिच्याही टाचेमागे त्याच गाठी दाबून बघितल्या आहेत. तिने माझं झाकण काढून वास घेतला, डोळे मिटले, बोट बुडवलं. आणि मला काय वाटलं? आनंद. नुसता आनंद! वाटी खाली राहिली आणि पोरगी माझ्याकडे आली, एवढंच माझ्या मनात आलं.

मनकर्णाबाई, तुम्ही आज फुलं घेऊन देवापाशी बसाल तेव्हा माझं एवढं ऐका. देवाला तेलाचा दिवा चालतो. मला आजच रिकामी करा.