भोकांच्या कुंडीतलं ऑर्किड

मी एक जुनी मातीची कुंडी आहे. पण मित्रांनो, मला पाहून तुम्ही चटकन कुंडी म्हणणार नाही. माझ्या बुडाला भोक आहेच, शिवाय अंगावरही चहूबाजूंनी बोटभर रुंद भोकं आहेत. दारव्ह्याला कुंभारकाम करणाऱ्या मानीबाईंनी मला घडवलं, तेव्हा त्यांनाही हसू आलं होतं.

"बाई, एवढी भोकं? पानी कसं थांबन याच्यात?"

"थांबूच नये," रजनीताई म्हणाल्या. "या झाडाच्या मुळांना हवा लागते."

रजनीताई यवतमाळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्या मुलीनं, भैरवीनं, नोकरी लागल्यावर नागपूरहून त्यांच्यासाठी जांभळ्या फुलांचं ऑर्किड आणलं होतं. ते माझ्या वाट्याला आलं. माझ्यात माती नव्हतीच. कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या. हळूहळू ऑर्किडच्या पांढऱ्या मुळांनी मला अशी मिठी मारली, की आपण दोघं वेगळी आहोत हेच मी विसरले.

दर दोन वर्षांनी, फुलं गळून नवे कोंब फुटू लागले, की रजनीताई मला पाण्यात बुडवून ठेवत. मुळं सैल झाली, की झाड अलगद काढत. गॅसवर तापवलेल्या ब्लेडनं कुजकी मुळं कापत. जुन्या शेंड्या फेकून देत आणि मला कढत पाण्यानं घासून गच्चीवर उन्हात ठेवत. त्यांचे यजमान यज्ञेश्वरराव पेपरातून डोकं वर काढून म्हणत, "माझ्यापेक्षा या कुंडीचीच आंघोळ मोठी आहे!" फुलं आली, की शेजारीपाजारी पाहायला येत. कौतुक फुलांचं होई. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मग एका वर्षी रजनीताईंना लकवा झाला. उजवा हात गेला. भैरवी त्यांना उपचारासाठी नागपूरला घेऊन गेली. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "ऑर्किडकडे लक्ष ठेवाल ना?"

यज्ञेश्वररावांनी शब्द पाळला. रोज सकाळी ते मला मगभर पाणी घालू लागले. त्या वर्षी शेंड्या बदलायच्या होत्या. त्या राहूनच गेल्या. जुन्या शेंड्या पाणी धरू लागल्या आणि कुजू लागल्या. बारीक काळ्या माश्या आल्या. त्यांच्या अळ्या आत वळवळू लागल्या. नंतर मोहरीएवढ्या गोगलगायी आल्या आणि त्यांनी मुळांची कोवळी हिरवी टोकं कुरतडली. एकेक मूळ माझ्या अंगावरून सुटत होतं. मला ते कळत होतं. सांगता येत नव्हतं.

झाडाच्या कांड्यांना सुरकुत्या पडल्या. यज्ञेश्वररावांना वाटलं, तहान लागली. ते दोन मग घालू लागले. फोनवर मात्र सांगत, "छान आहे तुझं झाड. तू चिंता नको करू." आजारी बायकोला कायले त्रास द्यायचा, असं त्यांचं म्हणणं.

पाच महिन्यांनी रजनीताई परतल्या. खुर्चीत बसून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उपडी करा."

यज्ञेश्वररावांनी मला उपडी केलं. झाड आपोआप निसटलं. मिठी उरलीच नव्हती. काळा चिखल पडला, वास सुटला, गोगलगायी फरशीवर सांडल्या.

"मले वाटलं, पाणी कमी पडून राह्यलं," ते पुटपुटले. "तुले विचारणार होतो. पण तू तिकडं अशी..."

रजनीताईंनी डावा हात यज्ञेश्वररावांच्या ओल्या हातावर ठेवला. "ब्लेड तापवा. मी सांगते तसं कापा."

सगळं कापून झाल्यावर एक कांडी उरली. तिला दोनच मुळं. माझ्यासारख्या मोठ्या कुंडीत ती पुन्हा कुजली असती, म्हणून ती एका चहाच्या कपाएवढ्या कुंडीत गेली. मला कढत पाण्यानं धुऊन भिंतीशी ठेवलं. "मोठी झाली की परत लावू," रजनीताई म्हणाल्या. दिवाळीच्या आधीच त्या गेल्या.

मित्रांनो, कुणाची काळजी घ्याल, तर त्याला काय हवं ते आधी विचारा. विचारायला लाजू नका. कुंडी वर्ष-दोन वर्षांनी उपडी करून पाहा. वरून सगळं हिरवं दिसतं, तेव्हाही आत काय चाललंय ते कळत नाही.

ती कांडी अजून जगली आहे, पण वाढत नाही. मी रिकामीच आहे. रोज सकाळी यज्ञेश्वरराव भैरवीला फोन लावतात.

"आज पाणी देऊ का?"

"बोट घालून पाहा बाबा. ओलं लागतंय?"

ते बोट घालतात. "हो. ओलं आहे."

"मग नका देऊ."

तरी ते फोन ठेवत नाहीत. "तुझी आई असती," ते म्हणतात, "तर तिनंही हेच सांगितलं असतं ना?"