मुहूर्ताची गाडी

कलीम आला तेव्हा कोकिळाबाई कापसाच्या ढिगाला पाठ लावून बसल्या होत्या. माजघर पार आढ्यापर्यंत कापसानं भरलेलं. गावच्या जिनिंगवर सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचं काम हा कलीम मॅनेजर म्हणून कित्येक वर्षं बघत आलेला; पण आज चपला काढताना त्याचं तोंड असं, की चोरीचा माल परत करायला आलाय.

"ये. मालक होऊन राह्यला म्हनतात तू. मंग मालकावानी बस ना, उंबऱ्यावर काऊन टेकला?"

"कुठचा मालक, काकू. उद्या झालो तर झालो."

गोष्ट गावाला ठाऊक होती. बोंडअळीनं बीटी कापसाचे मागचे लागोपाठ हंगाम खाल्ले, तसा जिनिंगचा मालक, अकोल्याचा शेठ, कंटाळला. जिनिंग विकायला काढली. भंगारवाला मशिनींवरून हात फिरवून गेला. तेव्हा कलीम आणि कामगारांनी ठरवलं, आपणच घेऊ. कोणी फंड काढला, कलीमच्या गौसियानं माहेरचा प्लॉट विकला. बाकीचं कर्ज बँक द्यायला तयार होती. पण साहेबाची एकच अट: उद्या आवारात कापूस दिसला तर सही, रिकाम्या टिनशेडवर कर्ज नाही. आणि कापूस विकत घ्यायला कलीमजवळ दमडी उरली नव्हती. म्हणून गावाकडे त्याचं एकच मागणं: आज माल टाका, भाव गाठी विकल्यावर. मधे नुसता शब्द.

"कोनी देत नाही म्हून माह्या दारात आला," कोकिळाबाई म्हणाल्या.

"देत नाही असं नाही, काकू. घरोघर ट्रॉल्या भरून उभ्या हायेत. पन एकबी हालून नाही राह्यली."

"काऊन?"

"मुहूर्ताची गाडी तुमच्या घरची असते ना."

खरंच होतं. हंगामाची पहिली गाडी त्यांच्या सासरची, मग गावाची. सासऱ्याच्या आधीपासूनचा मान. शेठ स्वतः नारळ घेऊन बोलवायला येई. यंदा कोणी फिरकलं नाही, म्हणून बाई रुसून कापसावर बसलेल्या. गाव त्यांच्याकडे बघत थांबलेलं.

"मूर्खा, नारळाले किती पैसे लागतात बे?"

"नारळाले नाही, काकू, तोंड लागते. भाव सांगता येत नाही त्यानं मानाच्या घरी कसं यावं? तुम्ही म्हनल्या असत्या, रिकामा आला."

"म्हनलीच असती. आन कापूसबी देला असता. शेषराव! ट्रॉली लाव."

पोरगा दारात आला. "आई, भाव तरी—"

"भाव तुह्या सासऱ्याले इचार. भर म्हनलं ना!"

सकाळी बाई ट्रॉलीतल्या कापसावर चढून बसल्या, पदर खोचून, जिनिंगचं फाटक येईस्तोवर मान ताठ. मग मागे घरघर ऐकू आली म्हणून वळून पाहिलं. रस्ता दिसतच नव्हता. ट्रॅक्टर, बैलगाड्या, मोटरसायकलवर आडवी बांधलेली पोती. अळीनं ज्यांच्या चुली थंड केल्या होत्या, ती घरं. नवरा गेल्यावर कोणाशी न बोलणारी सिंधूताई डोक्यावर गाठोडं घेऊन चालत होती.

दुपारपर्यंत आवारात ढीग शेडच्या वर गेला. उन्हात त्याच्याकडे बघवेना. बँकेचा साहेब खाली उभा राहून मान वर करत होता.

"या शेतकऱ्यांना काय लिहून दिलंत?"

"वजनाची चिठ्ठी, साहेब," कलीम म्हणाला.

"आणि भाव?"

कलीमनं नाही म्हणून मान हलवली. साहेबानं सिंधूताईकडे पाहिलं, परत ढिगाकडे पाहिलं, आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. शेडमध्ये कोणीतरी मशिनींचा खटका ओढला. पायाखालची जमीन थरथरली आणि हवेत रुईचे पुंजके उडायला लागले.

कलीम रडत होता. त्याला चिडवायला कोकिळाबाईंच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, ते तिथंच राहिलं. देवळात घ्यावा तसा त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"शेषराव," त्या हळूच म्हणाल्या, "हे समदं आपल्याच गावचं हाय का रे?"

"हाव, आई. अजून येऊन राह्यलं."