घोटणारे हात

कुशलनं तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला, हे धनश्रीला पटत होतं आणि पटतही नव्हतं. तोंड उघडेनासं होईल, पुढे कॅन्सरही होऊ शकतो, असं डॉक्टरनं खडसावल्यावर नवऱ्यानं पुडी फेकून दिली, इथवर ठीक. पण कॉलेजपासूनची तलब अशी निमूट जाते होय? ना चिडचिड, ना डोकेदुखी. तिच्या काकांनी तंबाखू सोडली तेव्हा घरच्यांना पळता भुई थोडी झाली होती. आणि हे महाशय मिहानमधल्या कंपनीतली ड्यूटी करून शीळ घालत घरी येतात! बरं, तोंडाला वास नाही. वास येतो तो बोटांना, सुपारी-चुन्याचा, अगदी ताजा.

"लपून खाऊन राहिले का तुम्ही?" तिनं एकदा विचारलंच.

"तुई शप्पथ वं, नाही खात."

शपथ खरी वाटत होती. मग बोटं काय खोटं बोलतात? खोटं निघालं तर नवऱ्याचं तोंडही जाणार आणि त्याच्यावरचा भरवसाही, ही धास्ती होतीच. पण खरं सांगायचं तर धास्तीपेक्षा तिला नवल जास्त वाटत होतं.

संध्याकाळी भाजीच्या निमित्तानं ती गोळीबार चौकातल्या पानठेल्याकडे वळली. बाकड्यावर कुशल बसला होता, जोडीला त्याचा शाळेपासूनचा दोस्त भूपेश. मांडीवर प्लास्टिकची पन्नी, पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना. कुशलचे तळवे त्यावर असे फिरत होते की बघत राहावं. मनाजोगं घोटून झाल्यावर त्यानं सगळाच्या सगळा खर्रा भूपेशच्या हातावर ठेवला. स्वतः चिमूटभरही घेतला नाही.

धनश्रीला हसूच फुटलं. हात्तिच्या, एवढंच होतं तर. तलब तोंडाची कमी आणि हातांचीच जास्त. घोटायला मिळालं की गडी खूश.

"या न वैनी," भूपेशनं हाक मारली. जीव भांड्यात पडला होता, त्या आनंदात तिनं शेजारच्या गाडीवर तिघांसाठी पाणीपुरी सांगितली.

कुशलनं पुरी गपकन तोंडात टाकली. भूपेशनं मात्र आपली पुरी बोटांनी मोडली, पाणी सांडू दिलं आणि एकेक तुकडा ओठांतून आत सरकवला.

"असं काहून खाता, भाऊजी?"

"मोठा घास जात नाही आजकाल. तोंडच उघडून नाही राहिलं." तो हसला, पण तेही अर्धंच. "यानं सोडला न, तवापासून माह्या डबल झाला. इतक्या प्रेमानं घोटून देते दोस्त, त्याले नाही कसं म्हणू?"

धनश्रीचं हसू मावळलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ज्याच्या भीतीनं त्यानं आपलं तोंड वाचवलं, तेच तो रोज आपल्या हातानं घोटून दोस्ताला देत होता, आणि इतके दिवस ते दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

पुऱ्या संपल्या. भूपेशनं सवयीनं हात पुढे केला. "घोट न गा अजून एक."

"नाही घोटत आता."

"मंग इथं येशील काहून?"

कुशलची बोटं रिकामीच एकमेकांवर घासत होती.

"उद्या येतो न," तो म्हणाला. "तुले दवाखान्यात न्यायले."